नाडीला कॉलम नाही

हरणाऱ्या टीमकडे किस्से फार जमतात. जिंकणाऱ्यांचं बरं असतं. कप घेतला, फोटो काढला, गेले घरी. आमच्यासारख्यांना मैदानाच्या कडेला बसून फ्लास्कमधला चहा संपेपर्यंत काहीतरी बोलत राहावं लागतं, आणि मग त्याच त्या गोष्टी दर रविवारी थोड्या थोड्या वाढत जातात. मी टीमची स्कोअरर आहे, त्यामुळे माझ्यासमोर कुणी फार वाढवू शकत नाही. मी लगेच वही उघडून दाखवते.

टीम बेसबॉलची आहे. हो, इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, दोन राउंडअबाउट्सच्या मधल्या कौन्सिलच्या मैदानावर. नवरा दोन सीझन खेळला, मग त्याचा गुडघा गेला आणि तो घरी बसला. मी मात्र वही घेऊन तिथेच राहिले. आठवडाभर ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. रविवारी तेच काम उन्हात करते, म्हणजे इथे ज्याला ऊन म्हणतात त्यात.

आता सांगणार आहे त्या सगळ्या गोष्टी डॉक्टर सालपेकरांच्या आहेत. ते आमचे पिचिंग कोच होते. आता नाहीत. त्यांना काढावं की ठेवावं यावर टीममध्ये वर्षभर खल चालला आणि शेवटी काढलं. त्यात माझं मत होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक हे किस्से ऐकून हसतात आणि मला कसंतरीच होतं.

*

डॉक्टर आमच्याकडे आले ते एका बारशाहून.

मैदानाला लागून कम्युनिटी हॉल आहे. तिथे कुणाच्यातरी नातवाचं बारसं होतं. जेवणं झाल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ, अंगात ब्लेझर, गळ्यात टाय, हातात पेढ्यांचा बॉक्स, कुंपणापाशी येऊन उभे राहिले. चांगली चाळीस मिनिटं उभे होते. आमचा कॅप्टन रोहन पिचिंगची प्रॅक्टिस करत होता. रोहन लंडनजवळच्या पिनरचा, तिथेच जन्मलेला, आई अजून तिथेच राहते. मराठी बोलतो, पण त्याच्या पद्धतीनं.

"तुझा खांदा ठीक आहे," ते गृहस्थ कुंपणावरून म्हणाले. "तू चेंडू सोडताना श्वास धरतोस. तो सोड."

रोहननं श्वास सोडला. चेंडू सरळ गेला. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा सरळ गेला. मग गृहस्थांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला, बुटांसकट माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, चढले आणि स्वतः एक टाकला. कॅचरच्या ग्लव्हमधून जो आवाज आला तो आमच्या मैदानावर त्याआधी कुणी ऐकला नव्हता.

लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये चाळीस वर्षं भूल देत होते, असं कळलं. शाळेत आणि कॉलेजात बेसबॉल खेळले होते.

"काका, तुम्ही कुठे शिकला हे?" रोहननं विचारलं.

"अमरावतीला."

"ते अमेरिकामध्ये कुठे येतो?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "पूर्वेला," म्हणाले. "बरंच पूर्वेला."

*

पुढच्या रविवारी डॉक्टर लेस्टरहून गाडी चालवत आले आणि येताना फॉर्म घेऊन आले.

प्रत्येक पिचरसाठी एक. शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, ऍलर्जी, खोटे दात, आधी कधी काही त्रास झाला होता का. मॅचच्या आधी स्वतः समोर बसून विचारायचे. आमचा दुसरा पिचर बेन, पोस्टमन आहे. पंचविशीचा, लाजाळू, हात मात्र दणकट.

"शेवटचं कधी खाल्लंस?"

"आत्ताच. बेकन रोल. दोन."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "मग तुला आज सहा तास घेता येणार नाही."

बेन हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. डॉक्टर हसले नाहीत.

रोहन धावत आला. "काका, त्याला भूल नाही द्यायचा आहे. त्याला फक्त बॉल टाकायचा आहे."

"दोन रोल खाऊन माणूस जोर लावतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. तू नाही पाहिलेलं."

त्या दिवशी रोहन दमल्यावर ज्यानं जन्मात पिचिंग केलं नव्हतं अशा माणसाला माउंडवर उभं करावं लागलं, आणि निकाल वहीत आहे. त्याच्या पुढच्या रविवारी बेन काहीही न खाता आला. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर पाण्याचा घोटही घेतला नव्हता बिचाऱ्यानं. नऊ इनिंग्जपैकी तिसरीतच माउंडवर डोलायला लागला. त्याला सावलीत आडवं केलं, तोंडात बिस्किट घातलं. डॉक्टर मात्र त्याच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते.

"याला म्हणतात पेशंट," मला म्हणाले.

*

आता नाडीचं सांगते.

पिचर बिघडला की त्याचे चेंडू बाहेर जायला लागतात. चार बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. आमच्या वहीत वॉकच वॉक. अशा वेळी कोच मैदानात चालत जाऊन पिचरशी बोलतो. बाकीचे कोच खांद्यावर हात टाकतात, समजावतात, कधी ओरडतात. आमचे डॉक्टर एक अक्षर बोलायचे नाहीत. पिचरचं मनगट हातात घ्यायचे, दोन बोटं ठेवायचे, दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट उभे राहायचे आणि परत यायचे.

समोरच्या टीमला ही पर्वणीच. "आहे का अजून जिवंत?" असं कुणीतरी बाकावरून विचारायचंच.

परत येताना ते माझ्या टेबलावरून यायचे. "एकशे बारा. लिही."

"डॉक्टर, त्याला कॉलम नाही."

"मग आखून घे."

"लीगची वही आहे. मी कशी आखू?"

हे आमचं दर रविवारी चालायचं. ते आकडा सांगायचे, मी कॉलम नाही म्हणायचे, ते मान हलवून आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायला मजा यायची. आता वाटतं, एक रेघ मारायला असा किती वेळ लागला असता.

एकदा मी रोहनला विचारलं, अर्ध्या मिनिटात ते करतात तरी काय?

"काही नाही करत, मीनलताई," तो म्हणाला. "पण काका हात पकडतो ना, तेव्हा सगळी नॉइज बंद होते."

*

बेसबॉलमध्ये एक नियम आहे. एका इनिंगमध्ये कोचला एका पिचरकडे एकदाच जाता येतं. दुसऱ्यांदा गेला की तो पिचर काढावाच लागतो. डॉक्टरांना हा नियम पाठ होता. चष्मा विसरण्याबद्दल मात्र नियमात काही नाही.

आम्ही दोन रन्सनी पुढे होतो. असं आमचं फार क्वचित होतं, म्हणून तारखेसकट लक्षात आहे. रोहन माउंडवर होता, दोन वॉक दिले, डॉक्टर गेले, नाडी पाहिली, परत आले. खुर्चीवर बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि खिसे चाचपायला लागले. नाडी मोजताना घड्याळ दिसावं म्हणून ते जवळचा चष्मा लावायचे. तो काढून माउंडच्या गवतात ठेवला होता.

ते उठले आणि शांतपणे चष्मा आणायला गेले.

समोरचा कोच उडी मारून उभा राहिला. अंपायर ग्रॅहमनं खेळ थांबवला. ग्रॅहम रिटायर्ड शाळामास्तर आहे, आमच्या लीगच्या निम्म्या मॅचेस तोच बघतो, आणि वादात पडायचं नसलं की स्कोअररकडे बघतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी वही बघितली. बघायची गरज नव्हती. सगळ्या मैदानाला दिसत होतं की माणूस चष्मा उचलायला गेलाय. रोहनशी बोलले नव्हते, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी "चष्मा" म्हटलं असतं तरी ग्रॅहमनं ऐकलं असतं, इतका तो माणूस बरा आहे.

"सेकंड व्हिजिट," मी म्हणाले.

रोहनला बाहेर यावं लागलं. आम्ही हरलो. मॅच संपल्यावर डॉक्टर त्यांच्या फ्लास्कमधली कॉफी कपात घेऊन माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"बरोबर केलंस," म्हणाले. "चार्टवर खोटं लिहायचं नसतं." आणि कॉफी माझ्यासमोर ठेवून गेले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

*

टीमचं डोकं फिरलं ते बेनच्या त्या इनिंगमुळे.

बेनला सूर सापडत नव्हता. वॉक, मग फटका, मग वॉक, मग दोन फटके. डॉक्टर एकदा जाऊन आले. एकशे तीस. दुसऱ्यांदा गेले असते तर बेनला काढावं लागलं असतं, आणि काढणंच योग्य होतं. माझ्या मागे रोहन हात चोळत उभा होता.

"काका, बदला ना त्याला."

"नाही."

"काका, प्लीज."

"पेशंट टेबलावर असताना मी कधी खोली सोडलेली नाही," डॉक्टर मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "अर्ध्यात दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही. चाळीस वर्षांत एकदाही."

"काका, पेशंट मरतो आहे!"

"मरत नाहीये. घाबरलाय. मी इथे आहे हे त्याला दिसतंय."

आणि ते खुर्चीवरून उठून रेषेपाशी जाऊन उभे राहिले, बेनला दिसतील असे. त्या एका इनिंगला अकरा रन्स गेले. बेननं शेवटचा आउट काढला तेव्हा त्याच्या शर्टाचा रंग बदलला होता. डॉक्टर त्याच्यासोबत बाकापर्यंत चालत आले आणि त्याच्या शेजारी बसून राहिले.

रोहन त्या दिवशी डॉक्टरांना न सांगताच घरी गेला. बेननं कधी तक्रार केली नाही. त्याला विचारावं, असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

*

मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं.

एक पक्ष म्हणायचा, चेंडू पिचर टाकतो, कोच नाही. कोच बदलून हात बदलणार आहेत का? दुसरा म्हणायचा, अख्खी टीम काढता येत नाही, म्हणून कोच काढतात, सगळीकडे हीच पद्धत आहे. कुणी म्हणालं, डॉक्टर लेस्टरहून येतात, कोणी बोलावलं म्हणून नाही, मनानं येतात. त्यावर कुणीतरी लिहिलं की मनानं येणारी माणसंच काढायला अवघड जातात. त्याला बारा अंगठे मिळाले.

आमचा कॅचर केविन अमेरिकेत कॉलेजला असताना खेळलेला. त्याच्याकडे टॅब्लेट होता, चेंडूचा वेग मोजायची गन होती, आणि कोच व्हायची तयारी होती. माणूस वाईट नाही, हेही सांगून ठेवते.

कमिटी आमची तिघांची. रोहन, केविन आणि मी. गार्डन सेंटरच्या कॅफेत बसलो. मी तक्ता करून नेला होता. प्रत्येक पिचर, प्रत्येक मॅच, वॉक किती, रन्स किती. वाईट ते लाल, बरं ते हिरवं. रंगीत प्रिंट काढली होती. ऑफिसात मी असे तक्ते केले की लोक गप्प होतात. इथेही झाले. कागद लालभडक होता.

केविन म्हणाला, विषय माझाच आहे, मी मत देत नाही.

रोहन कागदाकडे बघत राहिला. त्याला काढायचं होतं आणि काढायचं नव्हतं. "मीनलताई, तू सांग," म्हणाला. "तुझ्याकडे डेटा आहे."

मी म्हणाले, "डेटा क्लिअर आहे."

चहा यायच्या आत विषय संपला. डॉक्टर यायच्या आधी दर सीझनला आमचे निम्मे खेळाडू ऑगस्टपर्यंत गळायचे आणि ते आल्यापासून एकही गळला नव्हता, ही गोष्ट मला माहीत होती. तिलाही तक्त्यात कॉलम नव्हता.

*

सांगायला जायचं रोहननं आणि मी ठरवलं. असलं फोनवर सांगत नाहीत. फुलं घेतली आणि लेस्टरला गेलो.

दार डॉक्टरांनीच उघडलं. "अरे वा, कॅप्टन स्वतः!" आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजवर पुढच्या सीझनचं वेळापत्रक लावलेलं होतं. प्रत्येक रविवारी कुठला पिचर, किती चेंडू, कुणाला विश्रांती. बेनच्या नावापुढे लिहिलं होतं, 'न्याहारी: टोस्ट चालेल'.

रोहननं माझ्याकडे बघितलं. मी रोहनकडे बघितलं.

काकूंनी थालीपिठं केली. डॉक्टर रोहनला बागेत घेऊन गेले, त्याच्या खांद्यासाठी व्यायाम दाखवायला. काकू तव्यावरचं थालीपीठ उलटत मला म्हणाल्या, "तुमच्या टीमचे फार उपकार आहेत गं. रिटायर झाल्यावर दीड वर्ष हे घरात माझं ब्लडप्रेशर मोजत होते. दिवसातून चार वेळा. मला काही झालेलं नव्हतं. यांनाच कुणीतरी हवं होतं मोजायला."

मी थालीपिठाला लोणी लावलं.

दोन तासांनी निघालो. रोहनच्या हातात वेळापत्रकाची कॉपी होती, माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. मोटरवेवर नॉर्थॅम्पटन मागे पडलं.

"ताई," रोहन म्हणाला, "आपण सांगितला का?"

"नाही."

"गुड," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं त्यानं रेडिओ लावला.

*

शेवटी मी ईमेल लिहिली. ऑफिसात असतात तशी. आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत, टीम आता नव्या दिशेनं जात आहे. डॉक्टर मराठी, मी मराठी, आणि ईमेल इंग्रजीत, कारण मराठीत मला ते लिहिता आलं नाही. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा 'स. न. वि. वि.'च्या पुढे गेले नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'कळलं. हँडओव्हर रविवारी सकाळी दहाला.'

आम्हाला वाटलं होतं, ते पुन्हा कधी दिसणार नाहीत. रविवारी दहाला पाच कमी असताना त्यांची गाडी आली. टाय लावलेला होता. हातात फोल्डर होतं. केविनला बाकावर बसवून त्यांनी प्रत्येक पिचरचा कागद वाचून दाखवला. कुणाचं कोपर दुखतं, कोण पावसात घाबरतो, कोण डावीकडून हाक मारली की बिचकतो. केविन सभ्यपणे ऐकत होता आणि मधूनमधून टॅब्लेटकडे बघत होता. तासभर चाललं.

"काही विचारायचंय?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"मग इथे सही कर. मी सोडतोय आणि तू घेतोयस, एवढंच."

केविननं सही केली. डॉक्टरांनी एक कॉपी स्वतःकडे ठेवली. जाताना माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले. मी मान खाली घालून वहीत त्या दिवशीची तारीख लिहीत होते. ती मी आधीच लिहिलेली होती.

फोल्डर केविननं बॅगेत टाकलं. मॅच सुरू व्हायच्या आधी मी ते काढून रोहनचा कागद वाचला. शेवटची ओळ अशी होती: 'बोलू नये. जवळ उभं राहावं.'

*

केविनच्या काळातला एकच किस्सा आहे, आणि तोही डॉक्टरांचाच.

चेंडूंचा वेग वाढला, हे खरं. बाहेर जाणारे चेंडूसुद्धा त्याच वेगानं बाहेर जायला लागले. तक्ता पुन्हा लालच, पण मी प्रिंट काढली नाही. कुणी मागितलीही नाही. रोहन त्या दिवसांत माझ्या टेबलाकडे फिरकत नसे.

एका रविवारी बेन माझ्या टेबलाशी येऊन घुटमळत उभा राहिला. मी विचारलं, काय रे?

"काही नाही," म्हणाला. "मी फक्त टोस्ट खाल्लाय. सकाळी सातला."

"बरं," मी म्हणाले.

"कुणाला सांगायचं ते कळेना," बेन म्हणाला, आणि वॉर्मअपला गेला.

त्यानंतर तो दर रविवारी मला सांगून जायला लागला.

*

सप्टेंबरातली शेवटची मॅच. हरलो तर खालच्या लीगमध्ये जायचं, आणि खालच्या लीगच्या मॅचेस इतक्या लांब की निम्मी टीम तिथेच मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या इनिंगला मी मान वर केली तर कुंपणापलीकडे फोल्डिंगच्या खुर्चीवर डॉक्टर बसलेले. ब्लेझर, टाय, वर्तमानपत्र. शेजारी काकू, मांडीवर डबा. प्रेक्षक म्हणून आले होते. कुणाला हात केला नाही, काही नाही. मीही केला नाही.

बेननं जीव तोडून पिचिंग केलं आणि सातव्या इनिंगला त्याचा हात संपला. एकदा बाहेर आलेला खेळाडू परत आत जात नाही. मग रोहन आला. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

शेवटची इनिंग. आम्ही एका रननं पुढे. रोहननं पहिला वॉक दिला, दुसरा दिला. केविन पळत माउंडवर गेला, टॅब्लेट दाखवला, बोट फिरवून काहीतरी समजावलं, परत आला. रोहननं तिसरा वॉक दिला. तिन्ही बेस भरले, म्हणजे आणखी एक वॉक दिला की त्यांना फुकट रन आणि बरोबरी. आता केविन पुन्हा गेला असता तर रोहनला काढावं लागलं असतं, आणि आत टाकायला बाकावर एकही माणूस नव्हता. म्हणून कुणी जाऊ शकत नव्हतं. रोहन माउंडवर एकटा उभा होता आणि श्वास धरून होता. माझ्या टेबलावरून दिसत होतं मला.

डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते काकूंच्या हातात दिलं. कुंपणाचं फाटक उघडलं, आत आले, पांढरी रेषा ओलांडली आणि नेहमीच्या चालीनं माउंडकडे निघाले.

समोरचा कोच उठून ओरडायला लागला. ग्रॅहमनं हात वर करून खेळ थांबवला. डॉक्टरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"स्कोअरर," त्यानं विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोच आहेत?"

मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही. ते आमचे कोच नाहीत."

ग्रॅहमनं खिशातून छोटा ब्रश काढला, मैदानाकडे पाठ केली, वाकला आणि होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पायाजवळची पांढरी फळी, झाडायला लागला. प्लेट स्वच्छ होती. तो झाडत राहिला.

माउंडवर डॉक्टरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. रोहनचं मनगट हातात घेतलं. दोन बोटं ठेवली. घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट उभे राहिले, आणि या वेळी चष्मा काढून आठवणीनं खिशात ठेवला. समोरच्या बाकावरून कुणी काही विचारलं नाही.

मग ते आले तसे परत निघाले. माझ्या टेबलावरून.

"अठ्ठ्याण्णव," म्हणाले, न थांबता.

मी पट्टी घेतली आणि वहीत एक उभी रेघ मारली.